अल मलाझच्या दुसऱ्या मजल्यावरील शीतयुद्धाची बखर

ईश्वर एक, त्याची नावे बहुत. ज्याने या मुलुखात ऊन घातले त्यानेच मनुष्यास शीतयंत्राची अक्कल दिली, त्यास प्रथम वंदन करून लिहिले जाते ऐसे जे: रियाध शहरी वास्तव्य करणाऱ्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने फर्माविले की, अल मलाझ पेठेतील पिवळ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जो बखेडा जाहला त्याविषयी नाना वार्ता उठल्या आहेत, दम्मामास बोलतात की बिर्याणीवरून वाजले, धाहरानास तेल कंपनीच्या बसमध्ये बोलतात की सुरी चालली, आणि जिद्देहून एका सद्गृहस्थाने फोन करून विचारिले की मयत मायदेशी पाठविले की येथेच पुरले, तरी खरे काय ते, न वाढविता व न लपविता, लिहून द्यावे. आज्ञा मान्य करून, उभय पक्षांस विचारून, इमारतीच्या राखणदाराची जबानी घेऊन, आणि प्लायवुडास पडलेली सहा भोके जातीने मोजून ही हकीकत लिहिली आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य द्वितीयेपासून श्रावण शुद्ध प्रतिपदेपर्यंत. इसवी सन दोन हजार पंचवीस. मयत कोणी नाही.

तर मुलुखाची रचना ऐसी. इमारत तीन मजल्यांची. पहिल्या मजल्यावर शौकतभाई हमदुले, मूळ वतन गुहागर, जुन्या शीतयंत्रांचे मोठे व्यापारी. मक्केच्या हॉटेलांतून उतरविलेली यंत्रे ट्रकाने यांच्या गुदामी येत, आणि तेथे धुवून, गॅस भरून, नवे झाकण बसवून पुन्हा मोहिमेवर रवाना होत. तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर अशोकराव टिपणीस, कान, नाक व घसा या तिन्ही प्रांतांचे सुभेदार, मोठ्या दवाखान्यात सोळा वर्षे तख्तनशीन, ज्यांच्यापुढे भल्याभल्यांनी जिभा बाहेर काढिल्या. हे दोघे या बखरीतील थोर सत्ता होत. आणि या दोहोंच्या दरम्यान दुसरा मजला. एक दिवाणखाना, एक मुदपाकखाना, एक न्हाणी, इतकाच मुलुख, आणि त्यात दोन भाडेकरू.

पैकी पहिले राजश्री दत्ताराम शिगवण, वय चौतीस, तेही गुहागरकडीलच, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीचे अंमलदार. रात्रभर रक्ताच्या नळ्या यंत्रात घालाव्या, चिठ्ठ्या चिकटवाव्या, आकडे पाहावे, आणि सकाळी बसने घरी येऊन नऊपासून तीनपर्यंत निजावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. या सहा तासांच्या निद्रेवाचून त्यांपाशी दुसरी दौलत नव्हती. दुसरे सिराजुद्दीन परकार, खेडचे राहणार, डॉक्टरसाहेबांच्याच दवाखान्यात औषधभांडाराचे किल्लेदार. यांची चाकरी दोन तुकड्यांची. आठ ते बारा आणि चार ते नऊ. दुपारी मधले चार तास घरी. म्हणजे दत्ताराम गाढ निजले असता सिराजुद्दीन येत, दिवा लावीत, आणि दत्ताराम जागे होत. याजवर उभयतांनी विचार करून, शौकतभाईंच्या गुदामातून प्लायवुडचा एक तक्ता आणून, सहा स्क्रू मारून, दिवाणखान्याचे दोन भाग केले. भांडण नव्हते. उजेडाचा बंदोबस्त, इतकेच.

परंतु खिडकी एक आणि खिडकीतील शीतयंत्र एक, सबब तक्त्याची कड बरोबर यंत्राच्या मध्यावर आली आणि यंत्राचे अर्धे तोंड इकडे, अर्धे तिकडे जाहले. रिमोट तक्त्यास पाडलेल्या हातभर उंचीच्या खिडकीवजा भोकात दोरीने टांगला, जेणेकरून तो कोणाचाच नव्हता आणि दोघांचा होता. अंश बावीस मुक्रर जाहले. बाहेर अठ्ठेचाळीस. बाविसात दत्तारामांस उकडे, ते चादर फेकून निजत. बाविसातच सिराजुद्दीनांचा कान दुखे, ते जुलै महिन्यात अरबस्तानात कानटोपी घालून निजत. आणि दोघांस वाटे की समोरच्यास सुख आहे, म्हणून कोणी बोलत नसे. तीन वाजता दत्ताराम उठोन भात टाकीत, कुळथाचे पिठले करीत, कधी सिराजुद्दीन सुक्या बोंबलाचे कालवण करीत, आणि दोघे मुदपाकखान्याच्या लादीवर बसून जेवीत. खेडास सिराजुद्दीनांच्या अम्मीस आणि गुहागरास दत्तारामांच्या आईस या जेवणाचा वृत्तांत रोज फोनवर जाई. अशी दोन वर्षे गेली. त्या काळी मुलुख दुभंगलेला असून सुखी होता.

आता कलहाचे मूळ. ज्येष्ठ वद्य द्वितीया, शुक्रवार, तेरा जून रोजी शौकतभाईंच्या दिवाणखान्यात मंडळाच्या कॅरम स्पर्धेचा अखेरचा सामना जाहला. एकीकडे शौकतभाई, दुसरीकडे डॉक्टरसाहेब. शौकतभाईंनी राणी घेतली, आणि मग तिजवर पांघरुणाची, म्हणजे कव्हराची, सोंगटी मारिली ती भोकाच्या ओठावर जाऊन थांबली, आणि थांबून मग पडली. शौकतभाई म्हणाले की आपल्याने पडली. डॉक्टरसाहेब म्हणाले की तुमचा गुडघा मेजास लागला. साक्ष विचारिली तो शौकतभाईंच्या कुटुंब शरफुन्निसाबी व डॉक्टरसाहेबांच्या कुटुंब सरिताबाई आंबे कापीत होत्या, त्यांनी पाहिले नाही. आणि पंच म्हणून जवळ बसविलेले दत्ताराम यांनी प्रामाणिकपणे सांगितले की माझा डोळा लागला होता. सामना उधळला. त्या राणीचा निकाल आजतागायत लागला नाही, व या बखरीतही लागणार नाही.

ऐशियास थोर सत्ता एकमेकांवर उघड चालून गेल्या असत्या, परंतु ते अशक्य होते. शरफुन्निसाबी व सरिताबाई यांचा स्नेह बहुत जुना, दोघींची मुले झयान व सानिका एका शाळेत, एका व्हॅनमध्ये. आणि शाळेस उन्हाळी रजा पडताच दोघी मुलांसह एकाच विमानाने मुंबईस निघाल्या. निघण्यापूर्वी दोघींनी मिळून नवऱ्यांस फर्मान दिले की, आम्ही येईतोवर रात्रीचे जेवण दोघांनी एकत्र करावे, एक दिवस वर, एक दिवस खाली. राणीचा शब्द काढू नये. आणि दररोज दोन्ही ताटांचे छायाचित्र आम्हांस पाठवावे. फर्मानाची तामिली जाहली. रोज दोन ताटे मांडली जात, छायाचित्र रवाना होई, आणि मग दोघे थोर पुरुष भिंतीकडे पाहत मुकाट्याने जेवीत. उघड वैर बंद, तर मनातील वैरास वाट पाहिजे. आणि वाट दोघांच्या मधल्या मजल्यावरून जात होती.

पुढे जूनच्या अखेरीस दत्ताराम शौकतभाईंकडे कोथिंबीर मागावयास गेले असता सहज बोलून गेले की या आठवड्यात बावीस अंशांत झोप नीट लागत नाही. शौकतभाईंनी हे ऐकून घेतले, आणि विचारिले की पलीकडचा इसम डॉक्टरांच्या दवाखान्यातला ना, आणि होय म्हणताच आत जाऊन त्याच यंत्रास लागू पडेल ऐसा दुसरा रिमोट आणून दत्तारामांच्या हाती दिला. सांगितले की गाववाल्याची झोप मोडते हे आम्हांस पाहवत नाही. पांघरुणाखालूनच चालवावा, कोणास कळणार नाही. दत्तारामांचे मन चरकले. त्यांनी रिमोट घेतला. मनाशी बोलिले की एकच अंश उतरवू, त्याने कोणाचे काय जाते. पहिल्या दिवशी एकवीस केले, आणि इतके उत्तम निजले की दुसऱ्या दिवशी वीस, आणि मग तिसऱ्या दिवशी अठरा.

सिराजुद्दीनांनी भोकातला रिमोट घेऊन सव्वीस करावे, तो घटकाभरात अठरा. पुन्हा सव्वीस, पुन्हा अठरा. प्रथम त्यांस वाटले यंत्र बिघडले. मग चार दिवसांत शिंका सुरू जाहल्या, कान बंद जाहला, आणि ते दवाखान्यातच डॉक्टरसाहेबांपुढे जाऊन बसले. डॉक्टरसाहेबांनी नाकात दिवा घालून पाहिले आणि दिवा आतच ठेवून चौकशी केली. खोली कोणती, यंत्र कोणते, शेजारी कोण, शेजाऱ्याचे जाणेयेणे कोणाकडे. पहिल्या मजल्याचे नाव निघताच त्यांची मर्जी पालटली. त्यांनी दवाखान्याच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी, सनद लिहून दिली की सदर इसमास सव्वीस अंशांखाली ठेवणे आरोग्यास अपायकारक आहे. आणि संध्याकाळी आपल्या माळ्यावरून, जानेवारीत वापरावयाचा दोन कांड्यांचा विजेचा हीटर काढून, स्वहस्ते दुसऱ्या मजल्याच्या दारी ठेविला.

सिराजुद्दीनांनी सनदेची एक प्रत तक्त्यावर दत्तारामांच्या बाजूस चिकटविली. दत्ताराम सकाळी आले तो समोर सनद. त्यांनी ती उभ्यानेच दोनदा वाचिली आणि त्यांस मोठा राग आला. राग आला तो अशासाठी की सनदेत लिहिलेले खरे होते. तीन वाजता उठोन त्यांनी भात एका माणसाचा टाकिला. त्या दिवसापासून मुदपाकखान्यातील फळी दुभागली, मीठ दोन जाहले, आणि सिराजुद्दीन आपल्या भागात बसून खुबूस, म्हणजे बाजारची अरबी रोटी, व दही खाऊ लागले.

मग शस्त्रांचा पुरवठा वाढत गेला. शौकतभाईंनी मेजावरचा मोठा पंखा पाठविला, तो दत्तारामांनी कपाटावर चढवून ऐसा रोखिला की तक्ता व छत यांच्यामधील वीतभर फटीतून थंड वारा पलीकडे सिराजुद्दीनांच्या उशीवर उतरावा. डॉक्टरसाहेबांनी औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे व चिकटपट्टी पाठविली, तेणेकरून फट बुजविली गेली; आणि सिराजुद्दीनांनी आवेशात यंत्राच्या आपल्याकडील तोंडावरही पुठ्ठा मारिला. याचा परिणाम दोन्ही सत्तांनी कल्पिला नव्हता. सगळी थंडी दत्तारामांच्या अंगावर एकवटली. ते दोन चादरी, एक सतरंजी व प्रयोगशाळेचा पांढरा कोट पांघरून कुडकुडत पडू लागले, आणि थंडी त्यांनीच मागितली होती, सबब गाऱ्हाणे करावयास तोंड नव्हते. पलीकडे सिराजुद्दीनांनी हीटर लाविला. हीटरच्या धगीने यंत्रास वाटे की खोली तापली, म्हणून ते क्षणभर न थांबता अधिक जोराने चाले, आणि दत्ताराम अधिक कुडकुडत. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ पडले होते आणि आत एक इसम थंडीने आणि एक इसम घामाने जागा होता.

या अवधीत थोर सत्तांपैकी कोणीही त्या खोलीत येऊन क्षणभर बसले नाही. सकाळी जिन्यात शौकतभाई दत्तारामांस गाठून पुसत की आघाडीची काय खबर, आणि खबर कशीही असो, सांगत की मागे हटू नका. दवाखान्यात डॉक्टरसाहेब सिराजुद्दीनांस तेच सांगत. रात्री ताटांचे छायाचित्र नियमाने जाई, आणि मुंबईहून दोन्ही कुटुंबांचे समाधानाचे अंगठे येत.

मंगळवार, बावीस जुलै रोजी दुपारी दोन वाजता हीटर, पंखा व शीतयंत्र ही तिन्ही एकाच वेळी चालली असता दुसऱ्या मजल्याची वीज गेली. राखणदार अम् इद्रीस, अम् म्हणजे काका, सुदानचा राहणार, वीस वर्षे इमारतीच्या दारी, तो वर आला आणि विजेच्या पेटीपाशी जाण्यापूर्वी सिराजुद्दीनांच्या भागात डोकावला. तेथे हीटर पाहून तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने बाहेरच्या उन्हाकडे पाहिले, पुन्हा हीटरकडे पाहिले, आणि तोंडातल्या तोंडात दुआ म्हटली. नंतर दोघांस बोलावून मोडक्या हिंदीत हुकूम ऐकविला की पुन्हा वीज गेली तर मी मालकास सांगेन, मालक दोघांसही बाहेर काढील, आणि या भाड्यात या पेठेत दुसरी खोली मिळणार नाही. अखेर म्हणाला, "खलास," आणि पेटीची कळ वर करून निघून गेला. दोघे खाली मान घालून उभे होते. त्या उभे राहण्यात त्यांचे खांदे जवळजवळ लागत होते.

बुधवारची रात्र दत्तारामांस कठीण गेली. तीन आठवडे सलग दोन तासांवर झोप नव्हती. पहाटे चारच्या सुमारास बारा नळ्या समोर आल्या, त्यांनी चिठ्ठ्या चिकटविल्या, आणि यंत्रात घालणार तो हात थांबला. दोन नळ्यांवरील नावे उलटी जाहली होती. एक नाव बाईचे, एक पुरुषाचे. बाई गर्भार होती, कागदावर तसे लिहिले होते. चूक दुसऱ्या कोणी पाहिली नाही. दत्तारामांनी चिठ्ठ्या काढून पुन्हा बरोबर लाविल्या, बाराच्या बारा तीनदा ताडून पाहिल्या, आणि मग बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुतले. बसमध्ये त्यांस झोप आली नाही. घरी येऊन पडले तरी आली नाही. डोळे मिटले की ती दोन नावे दिसत.

त्याच दिवशी, गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास पलीकडे सिराजुद्दीनांचा फोन वाजला. तक्त्याच्या भोकातून शब्दन् शब्द येत होता. खेडहून अम्मी बोलत होत्या. त्यांनी काय विचारिले ते कळले नाही. सिराजुद्दीनांचे उत्तर कळले.

"दत्तू ना, मजेत आहे. आत्ताच जेवलो आम्ही. पिठलं केलं होतं त्यानं. हो, तुमची विचारपूस करत होता."

दत्ताराम अंथरुणावर उठोन बसले. पलीकडे खुबूसचा कागद चुरगाळल्याचा आवाज त्यांनी नुकताच ऐकिला होता. आणि त्यांस आठवले की परवा आईचा फोन आला तेव्हा आपणही हेच सांगितले. सिराज ठीक आहे, आम्ही दोघे आता जेवायलाच बसतो आहोत. तीन आठवडे दोन घरांस दोन इसम एकमेकांची खुशाली कळवीत होते आणि मधे प्लायवुड होते. दत्तारामांस गहिवर आला ऐसे लिहिणे सोपे आहे, परंतु त्यांनी स्वतः सांगितले की तेव्हा लाज वाटली, दुसरे काही नाही. त्यांनी रिमोट उचलून यंत्र बंद केले. मुदपाकखान्यात जाऊन डब्यातले कुळथाचे पीठ काढिले, लसूण ठेचली, भात दोघांचा टाकिला. आणि मग येऊन तक्त्यावर बोटाने टकटक केली, जी त्यांनी तेवीस दिवसांत केली नव्हती.

"पिठलं झालंय. इकडे येतोस की तिकडे देऊ?"

पलीकडे खाट करकरली. मग सिराजुद्दीन बोलिले, "तिकडे थंड असतं. माझा कान दुखतोय."

"बंद केलाय एसी."

सिराजुद्दीन आले ते कानटोपी घालून. दोघे लादीवर बसले. पहिल्या चार घासांतच घाम गळू लागला. मग सिराजुद्दीनांनी विचारिले, "रिमोट कुणी दिला तुला?"

"शौकतभाईंनी. आणि तुला हीटर डॉक्टरांनी?"

"हो. त्यांचं नक्की कशावरून आहे रे?"

"कॅरम."

"तू खेळतोस?"

"मी पंच होतो. झोपलो होतो."

सिराजुद्दीन म्हणाले, "मला तर नियमसुद्धा ठाऊक नाहीत." आणि पुन्हा खाली मान घालून जेवू लागले. मग दत्तारामांनी, ताटाकडे पाहत, पहाटेची गोष्ट सांगितली. दोन नळ्या, दोन नावे, गर्भार बाई. कोणासही सांगावयाची नाही ऐसे ठरविले होते, ते सांगून टाकिले. सिराजुद्दीन औषधांच्या धंद्यातले, त्यांस अधिक समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी पातेल्यातले उरलेले पिठले सगळे दत्तारामांच्या भातावर ओतिले, आणि उठोन स्क्रू काढावयाचा पेचकस आणिला.

चाकरीस जावयास अर्धा तास होता. त्यात सहा स्क्रू निघाले, पैकी एक गंजला होता त्यास खोबरेल लावावे लागले. तक्ता सुटताच दिवाणखाना एकाएकी मोठा दिसू लागला. आणि मग जे दोन वर्षांत सुचले नव्हते ते आपोआप जाहले. दत्तारामांची खाट ओढून यंत्राखाली लाविली, सिराजुद्दीनांची खाट ओढून पार दारापाशी नेली, आणि यंत्र बाविसावर चालू करताच इकडे गारवा राहिला, तिकडे पोचेतो वाऱ्यातली धार गेली. दिव्याचे काय, ऐसे सिराजुद्दीनांनी पुसले. दत्ताराम म्हणाले की मी डोळ्यांवर रुमाल बांधीन. इतक्यावर तह पुरा जाहला. हीटर, पंखा, जादा रिमोट व सनद ही सर्व हत्यारे मुदपाकखान्याच्या कोपऱ्यात एकावर एक रचिली. तक्ता इद्रीसने आपल्या खोलीसाठी मागून घेतला. तो उद्या जुम्मा आटोपून घेऊन जाईन म्हणाला, म्हणून दार आतून न लावता नुसते लोटून ठेवण्याचे ठरले.

थोर सत्तांस याची काहीच इतल्ला नव्हती. उलट इद्रीसने वीज गेल्याची गोष्ट दोघांस सांगितली होती, त्याचा दोघांनी अर्थ ऐसा लाविला की शत्रू अखेरच्या नेटावर आला आहे, आता एकच मोठी कुमक धाडावी. शुक्रवार, पंचवीस जुलै, श्रावण शुद्ध प्रतिपदा, मोहरमअखेर. दुपारी दोन वाजता शौकतभाई जुम्म्याहून परतून, गुदामातला कारखान्यात बसवावयाचा लोखंडी पंखा दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना चढू लागले. त्याच समयी डॉक्टरसाहेब वाफारा घेण्याचे मोठे यंत्र, त्याच्या नळ्या गळ्यात घालून, जिना उतरू लागले. दोन्ही फौजा दुसऱ्या मजल्याच्या दारापुढे समोरासमोर आल्या. बेचाळीस दिवसांत ताटांवाचून ही पहिली गाठ.

कोणी नजर दिली नाही. दार लोटलेले होते, ते शौकतभाईंनी कोपराने ढकलिले, आणि दोघांनी आत पाहिले. तक्ता भिंतीस टेकून ठेवलेला. खोली एकच. यंत्राखाली दत्ताराम डोळ्यांवर चौकड्यांचा रुमाल बांधून, तोंड किंचित उघडे टाकून निजलेले. दारापाशी सिराजुद्दीन कुशीवर, टोपीवाचून. दोघांच्या श्वासाचा आवाज एकामागून एक येत होता. कोपऱ्यात हीटरवर पंखा, पंख्यावर रिमोट, त्याखाली सही-शिक्क्याची सनद.

दोघे थोर पुरुष उंबऱ्यावर उभे राहिले. लढाईस आले आणि फौज निजलेली, ऐसा प्रसंग त्यांस ठाऊक नव्हता. डॉक्टरसाहेबांनी पेशाच्या सवयीने सिराजुद्दीनांच्या कानाकडे पाहिले. त्या कानात कापसाचा बोळा होता, आणि तो नीट बसविलेला होता. शौकतभाईंची दृष्टी दत्तारामांच्या चेहऱ्यावर होती. पुढे त्यांनी कबूल केले की गाववाल्याचे गाल इतके बसले आहेत हे जिन्यात रोज भेटूनही दिसले नव्हते.

इतक्यात शौकतभाईंच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजू लागला. शरफुन्निसाबींचा होता, त्या या वेळी नेमाने करीत. शौकतभाईंच्या दोन्ही हातांत लोखंडी पंखा, तो सोडावा तर लादीवर आदळेल, न सोडावा तर फोन वाजतो. आणि आत दत्तारामांनी कूस बदलली. तेव्हा डॉक्टरसाहेबांनी वाफाऱ्याचे यंत्र हळूच पायरीवर ठेविले, पुढे होऊन दोन्ही हातांनी तो पंखा धरिला, आणि शौकतभाईंनी हात मोकळा करून फोन गप्प केला. पंखा बहुत जड होता. डॉक्टरसाहेब त्या वजनाने थोडे वाकले, परंतु आवाज होऊ दिला नाही.

"झोपलेत," शौकतभाई कुजबुजले.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "झोपू देत."

शौकतभाईंनी दार हळूच लोटून घेतले. मग पंख्याची एक बाजू एकाने, एक बाजू दुसऱ्याने धरून तो खाली पहिल्या मजल्यावर नेला, आणि पुन्हा वर येऊन वाफाऱ्याचे यंत्र नेले. इद्रीस तक्ता न्यावयास आला त्यास जिन्यातच अडविले व सांगितले की पाचनंतर ये. मग शौकतभाईंनी विचारिले की जेवलात का, आणि डॉक्टरसाहेब नाही म्हणाले, आणि दोघे शौकतभाईंकडे दुपारचे जेवण जेवले, जे फर्मानात नव्हते. त्या ताटांचे छायाचित्र काढिले गेले नाही, सबब या कलमास पुरावा नाही. उभयतांची जबानी आहे.

तहाची कलमे मागाहून लिहिली गेली ती ऐसी की, दुसऱ्या मजल्यावर बाहेरून कोणी काही पाठवू नये. पाठवावयाचे तर खाण्याचे पाठवावे. आणि सिराजुद्दीनांचा कान डॉक्टरसाहेबांनी सोमवारी दवाखान्यात पुन्हा तपासावा, त्यात दुसऱ्या कशाची चौकशी करू नये. तपासणी जाहली. कान उतारावर आहे.

आता मोहिमेची फत्ते दप्तरी नोंदविणे उरले, ती येणेप्रमाणे. राजश्री दत्ताराम शिगवण शुक्रवारी सकाळी नऊ वाजता निजले ते साडेचार वाजता उठले. दरम्यान जिन्यात दोन फौजा आल्या व गेल्या, फोन वाजला, आणि ते एकदाही जागे जाहले नाहीत. उठोन त्यांनी डोळ्यांवरचा रुमाल सोडिला, पाणी प्याले, आणि बराच वेळ खाटेच्या कडेवर बसून राहिले. सिराजुद्दीनांची शुक्रवारची पाळी पाचास सुरू होते. ते दारापाशी सदऱ्याची बटणे लावीत होते. दत्तारामांनी त्यांस विचारिले की आज वार कोणता. सिराजुद्दीन म्हणाले, "शुक्रवार. तुला सुट्टी आहे रात्री. झोप अजून."

आणि ते पुन्हा निजले. ही फत्ते.